राकूच्या वाटीत कोशिंबीर वाढावी का?

गेल्या डिसेंबरात पुण्यातल्या एका हस्तकलेच्या प्रदर्शनातून मी राकूच्या, म्हणजे मूळ जपानी पद्धतीने भाजलेल्या मातीच्या, चार वस्तू घेतल्या. पांढऱ्या झिलईवर (मातीवरच्या काचेसारख्या थरावर) काळ्या बारीक रेघांचं जाळं असलेल्या दोन वाट्या, त्याच जातीची एक खोलगट ताटली आणि एक गडू. गडूवर तांब्याची लाली, मोरपंखी निळा आणि मधेच सोनेरी असे रंग एकमेकांत मिसळले होते. वाट्या ८५० रुपयांना एक, ताटली १,४००, गडू २,४००. स्वस्त नाहीत, पण एकदा हातात घेतल्यावर खाली ठेववेनात.

पैसे देण्याआधी मी विचारलं, "यात जेवायला वाढलं तर चालतं ना?"

स्टॉलवरचा मुलगा लगेच म्हणाला, "चालतं की काकू! जपानमध्ये यातच चहा पितात."

त्याच्या या एका वाक्यापायी मी पुढचे दोन महिने या वाट्यांच्या मागे होते, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी घरी लोणची करून विकते, १९ वर्षं झाली. आंबट-खारट जिन्नस कुठल्या भांड्यात किती टिकतो, हा माझा रोजचा धंद्याचा प्रश्न आहे. भांड्याबद्दल कुणी न तपासता "चालतं की" म्हटलं, तर ते मला मनापासून लागतं.

पुढच्या रविवारी भाची आणि भाचेजावई जेवायला होते. मी हौसेने एका वाटीत काकडीची कोशिंबीर वाढली, दही घालून, वरून हिरव्या मिरचीची फोडणी. ताटलीत कैरीचं लोणचं. पांढऱ्यावर ते लाल-पिवळं असं खुललं की भाचीने आधी फोटो काढला, मग घास घेतला. जेवणं झाली, गप्पा झाल्या. तासाभराने वाटी उचलली तर खाली टेबलक्लॉथवर ओलं वर्तुळ, अगदी वाटीच्या बुडाएवढं. वाटलं, बाहेरून ओघळलं असेल. वाटी पुसली आणि कोरड्या कागदावर ठेवली. दहा मिनिटांत कागदावरही तेच वर्तुळ. वाटीला कुठे तडा गेलेला नव्हता. ती अख्खी बुडातून पाझरत होती.

ताटलीची तऱ्हा वेगळी. घासून धुतली तरी मधल्या भागातल्या काळ्या रेघांच्या कडा पिवळट झालेल्याच राहिल्या. हळद आणि तेल आत शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी नाकाशी धरली तर आंबूस वास आला आणि त्याच्यामागे धुराचा. कुणाला काही बाधलं नाही, हेही सांगायला हवं. कोशिंबीर चवीला छान झाली होती. पण आज वाढलेलं दही उद्यापर्यंत वाटीच्या अंगातच राहणार असेल, तर परवा त्याच वाटीत खीर कशी वाढायची?

माझ्याकडे मसाल्यांसाठी ग्रॅमवर चालणारा काटा आहे. दुसरी वाटी, जिच्यात काहीच वाढलं नव्हतं, ती आधी कोरडी तोलली. ३८६ ग्रॅम. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली, सकाळी वरचं पाणी टिपून पुन्हा तोलली. ४२९ ग्रॅम. म्हणजे ४३ ग्रॅम पाणी त्या वाटीने पिऊन टाकलं, शेकडा ११ भरतं. पडताळा म्हणून घरातला चहाचा जाड स्टोनवेअर (उंच आचेवर भाजलेल्या मातीचा) मगही तसाच भिजवला होता. तो ३१८ चा ३२० झाला. वाटी पंख्याखाली ठेवली, तर मूळ वजनावर यायला पूर्ण दोन दिवस लागले, तेही थंडीतल्या कोरड्या हवेत. श्रावणात, भिंतींनाही ओल धरते तेव्हा ही वाटी आतून कधी सुकणार? आणि पाण्याच्या जागी दह्याचं पाणी असेल तर आत काय वाढेल, ते बुरशी आलेल्या लोणच्याची बरणी उघडून पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

माझं माहेर कसबा पेठेतलं. उन्हाळ्याचा माठ आणि दिवाळीच्या पणत्या आम्ही कायम कुंभारवाड्यातूनच आणत आलो. वाटी पिशवीत घालून मी तिथे गेले. ज्यांच्याकडून आई माठ घ्यायची त्यांचा मुलगा आता साठीला आलाय. त्यांनी वाटी तळहातावर घेतली आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. चांगलं भाजलेलं भांडं टणकन वाजतं, ही "डब" वाजली. मग त्यांनी वाटी उलटी केली आणि बुडाचा झिलई नसलेला भाग सरळ जिभेला लावला. मला म्हणाले, "जीभ धरतेय बघा. ताई, ही पाणी पिणार."

मी म्हटलं, "म्हणजे कच्ची राहिली?"

"कच्ची म्हणजे वाईट नाही. आमचा माठपण जीभ धरतो. पाझरला नाही तर पाणी गार कसं होईल?"

मग माठ चालतो आणि ही वाटी का चालत नाही, हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी दिलेलं उत्तर मी तेव्हापासून सगळ्यांना ऐकवते. "माठात तुम्ही पाण्याशिवाय काही घालत नाही. आणि दर उन्हाळ्याला नवा नेता. दह्याचं मडकं घ्या, ते काही दिवसांनी आंबतंच. मग टाकता का नाही? साठ रुपयांचं असतं म्हणून टाकवतं. ही टाकाल का?"

साठ रुपयांचं मडकं आणि साडेआठशेची वाटी यांच्यातला फरक एवढाच नाही. मडक्याला झिलई नसते, त्यामुळे ते आतून-बाहेरून सारखं भिजतं, सारखं सुकतं, उन्हात ठेवलं की मोकळं होतं. राकूच्या वाटीवर काचेचं कातडं असतं. आत शिरलेलं बाहेर यायला वाट थोडी. वरून पुसून चकचकीत दिसते, म्हणून आपल्याला ती स्वच्छ वाटते.

तरीही हे असं का, ते मला भट्टीपाशी उभं राहून पाहायचं होतं. भाचीने शोधून काढलं की पौडच्या रस्त्याला एक छोटा स्टुडिओ राकूची एक दिवसाची कार्यशाळा घेतो. माणशी ३,५०० रुपये, त्यात आधी एकदा भाजलेल्या दोन वस्तू, झिलई आणि भट्टी. डबा आपला आपण न्यायचा. जानेवारीत आम्ही दोघी गेलो.

तो दिवस मी विसरणार नाही. सकाळी वाट्यांवर झिलई लावली. तेव्हा ती नुसती पांढरी राड असते, ताकाच्या पिठल्यासारखी. भट्टी म्हणजे लोखंडी पिंप, आतून उष्णता धरणाऱ्या पांढऱ्या लोकरीसारख्या थराने मढवलेलं आणि खाली गॅसची शेगडी. तासाभरात तापमापकावर आकडा ९८० वर आला. शिकवणाऱ्या मुलीने झाकण उचललं तर आत वाट्या निखाऱ्यासारख्या नारिंगी, आणि वरची झिलई ओली, मधासारखी हलताना दिसत होती. कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे घालून तिने हातभर लांब चिमट्याने एक वाटी उचलली. दोन-तीन क्षण ती हवेत धरली, आणि तेवढ्यातच आवाज सुरू झाला. टिण्, टिण्, टिण्. काचेच्या बांगड्या कुणीतरी हळूच एकमेकींवर सोडत असावं तसा. ती म्हणाली, "ऐका काकू, झिलई तडकतेय."

मग ती वाटी लाकडाच्या भुशाने भरलेल्या डब्यात गेली. भडका उडाला. वरून रद्दी कागद टाकले, झाकण लावलं. पिवळसर दाट धूर कडेकडेने निघत राहिला. वीसेक मिनिटांनी वाटी बाहेर काढून पाण्याच्या बादलीत घातली तर चर्र आवाज, आणि हातात आली ती काळीठिक्कर. काथ्याने आणि राखेने घासत बसलो तेव्हा काळ्याखालून पांढरं उगवायला लागलं, आणि पांढऱ्यावर रेघांचं ते जाळं. माझ्याच हाताखाली. माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला संकोच वाटत नाही.

डबा खाताना मी घरची वाटी काढून तिला दाखवली, वजनाचे आकडे सांगितले. तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तिने समजावलं ते इतकं सरळ होतं की विकणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असायला हवं असं वाटलं.

भट्टीतून निखाऱ्यासारखं भांडं एकदम थंड हवेत काढायचं म्हणजे मातीने तो धक्का सोसला पाहिजे. म्हणून राकूची माती मुद्दाम मोकळी ठेवतात, तिच्यात भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतात, आणि तिला साधारण ९०० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंतच नेतात. मातीचे कण वितळून एकमेकांना चिकटायला लागतात ते त्याच्या बरंच वर. आपली लोणच्याची चिनी मातीची बरणी किंवा चहाचा स्टोनवेअर मग १,२०० अंशांच्या वर भाजलेला असतो, तेव्हा माती आतून दगडासारखी मिटते. मिटलेलं भांडं असं लालभडक असताना बाहेर काढलं तर सहसा तडकून जातं. म्हणजे राकूची वाटी पाझरते हा कुणा कारागिराचा निष्काळजीपणा नाही. ती पाझरणारी आहे म्हणूनच ती राकूच्या भट्टीतून अख्खी बाहेर येते.

आणि त्या रेघा. थंड होताना झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते, मातीवर ताणली जाते आणि तडकते. टिण् टिण् आवाज तोच. भुशाचा धूर त्या भेगांत शिरतो आणि काळा होऊन बसतो. तिने वाटीवरच्या एका रेघेवरून नख फिरवलं. "काकू, ही रेघ कुणी काढलेली नाही. ही भेग आहे. धूर आत गेला म्हणून काळी दिसते. जिथून धूर गेला तिथून दही जाणारच."

हे ऐकल्यावर माझ्या मनातला वाद मिटला. ज्या रेघांसाठी मी साडेआठशे मोजले, त्याच रेघांमुळे ती वाटी जेवणाला चालत नाही. रेघा नसलेली राकू मिळाली तरी खालची माती पाणी पिणारच.

कार्यशाळेबद्दल दोन शब्द, कारण कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल. शिकवणं उत्तम, घाई नाही, प्रत्येकाला भुशाच्या डब्यापाशी उभं राहू देतात. सुती कपडे, बंद बूट, बांधलेले केस, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. खटकलं एकच. आम्ही नऊजण होतो आणि धुरासाठी मास्क चारच. तो धूर डोळ्यांत आणि घशात बसतो, संध्याकाळपर्यंत मला खोकला होता. आपला चांगला मास्क आपण न्या. दमा असेल तर भट्टीपासून लांब बसा.

आता गडूकडे येते, कारण त्यातली गोष्ट वाट्यांपेक्षा गंभीर आहे. गडूवरची मोरपंखी झळाळी तांब्याची असते. झिलईत तांब्याचं संयुग घालतात. भुशाच्या धुरात प्राणवायू मिळत नाही, तेव्हा वरच्या पातळ थरात तांबं धातूरूपात येतं, आणि लाल-निळी-सोनेरी चमक दिसते. मी गडूच्या काठावर लिंबाची एक चकती ठेवून रात्र जाऊ दिली. सकाळी चकती उचलली तर तिच्याखालची सगळी झळाळी उतरलेली. मातकट, निस्तेज गोल डाग, अजून तसाच आहे. तिथली चमक लिंबाच्या रसात उतरली. तेच सरबत असतं तर पोटात गेलं असतं.

आमच्या लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा. भाता, नवसागराचा पांढरा धूर, आणि कथलाचा बोळा फिरला की पातेलं आतून चांदीसारखं. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात आजी ताक ठेवू द्यायची नाही, चिंचेची आमटी तर नाहीच. "कळकेल" म्हणायची. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतो, हे मराठी घराला शिकवावं लागत नाही. राकूच्या गडूवरचं तांबं म्हणजे कल्हई नसलेलंच तांबं, तेही पातळ आणि सैल थरात. तांब्याच्या तांब्यात आपण साधं पाणी ठेवतो, सोलकढी ठेवत नाही. मग या गडूतून सोलकढी का प्यावी? शिवाय ही झळाळी हवेनेही हळूहळू मंदावते. तांबं परत प्राणवायू घेतं आणि निळ्याची जागा हिरवट-तपकिरी घेते. ऊन आणि दमट हवा यांपासून लांब ठेवलं तर जास्त दिवस राहते.

प्रदर्शनांत हल्ली एक शब्द फार ऐकू येतो, "लेड-फ्री". कमी आचेवर झिलई वितळावी म्हणून जुन्या काळी जगभर शिसं वापरत, आणि शिसं अन्नात उतरलं तर ते शरीरात साठतं, मुलांना तर फारच घातक. आता बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी बोरॉनची तयार काच वापरतात. ही चांगली गोष्ट आहे. पण लेड-फ्री म्हणजे जेवणायोग्य, असा अर्थ होत नाही. माझ्या वाट्या लेड-फ्री आहेत असं मला सांगितलं होतं, आणि त्या पाझरतात. गडूही लेड-फ्री आहे, आणि त्याचं तांबं लिंबात उतरतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा. लिंबाने डाग पडला नाही म्हणून भांडं सुरक्षित ठरत नाही, कारण शिसं डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसेटिक ॲसिड भांड्यात २४ तास ठेवतात आणि त्यात किती शिसं आणि कॅडमियम उतरलं ते मोजतात. तसा कागद असेल तर विकणाऱ्याने दाखवावा. लिंबाची चकती फक्त "नाही" सांगू शकते, "हो" सांगू शकत नाही.

"सीलर मारलंय" हेही मला एका दुसऱ्या दुकानात ऐकवलं गेलं. सीलर म्हणजे बहुतेक वेळा वरून लावलेला ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनसारखा थर. फुलदाणीतून पाणी पाझरू नये म्हणून ठीक. गरम आमटी आणि घासणीसमोर तो किती टिकेल? आणि टिकला नाही तर तो जाणार कुठे? मायक्रोवेव्हचा तर विचारही नको. आत मुरलेलं पाणी तापून भांडं चटके बसण्याइतकं गरम होतं, फुटूही शकतं, आणि तांब्याच्या झळाळीवर ठिणग्या उडतात.

राहिला जपानचा चहा. त्या मुलाचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं मला फार सुंदर वाटलं. राकूची सुरुवात १६ व्या शतकात क्योतोमध्ये झाली. चोजिरो नावाच्या कारागिराने चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी चहाचे वाडगे केले, चाकावर न फिरवता हाताने घडवलेले, काळे आणि लाल, कसलीही नक्षी नसलेले. राकू या शब्दात आनंद आहे, निवांतपणा आहे. त्या घराण्याची आज सोळावी पिढी हे काम करते. ती मोकळी माती तिथे गुण ठरते. उष्णता हाताला चटकन लागत नाही, वाडगा दोन्ही तळव्यांत धरता येतो, आणि चहा लवकर निवत नाही. त्यात पडते ती पाण्यात घुसळलेली हिरव्या चहाची पूड, काही मिनिटांपुरती. मग वाडगा नुसत्या पाण्याने विसळून, पुसून, सावकाश सुकू देतात. दही नाही, हळद नाही, तेल नाही, चिंच नाही, रोज तीनदा घासणं नाही.

आणि भुशाचा धूर, काळ्या रेघा, तांब्याची झळाळी, हे त्या चहाच्या वाडग्यांचं नव्हेच. लालभडक भांडं जळत्या पाल्यापाचोळ्यात घालायची ही रीत अमेरिकेत १९६० च्या सुमाराला पॉल सोल्डनर या कुंभाराने रुळवली. आपल्याकडे स्टुडिओत जी राकू होते ती बहुतेक हीच. तेव्हा जपानमध्ये यातच चहा पितात, असं म्हणत माझी पांढरी वाटी विकणं म्हणजे पैठणी दाखवून पंचा देण्यासारखं आहे. दोन्ही चांगले, पण दोन्हींचं काम वेगळं.

मी स्टॉलवाल्या मुलाला फोन केला. भांडायला नाही, सांगायला. आकडे ऐकवले, लिंबाच्या डागाचा फोटो पाठवला. तो आधी म्हणाला, "काकू, आजवर कुणी तक्रार केली नव्हती." मी म्हटलं, "कोण करणार? लोक म्हणतील आपल्याकडूनच सांडलं." थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला की तो स्वतः ही भांडी करत नाही, आणून विकतो, आणि कारागिराला विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ताटलीचे पैसे तो परत द्यायला तयार होता. मी ते घेतले. वाट्या आणि गडू मी ठेवून घेतले, कारण मला ते हवे आहेत. पुढच्या प्रदर्शनात टेबलावर "शोभेसाठी, जेवणासाठी नाही" अशी पाटी लावीन म्हणाला. लावली की नाही, ते मी जाऊन बघणार आहे.

ज्याला राकू आवडते त्याने ती घ्यावी असंच मी म्हणेन. फक्त विकत घेताना "किती अंशांना भाजलंय" एवढं विचारा. उत्तर हजाराच्या आसपास असेल, किंवा उत्तरच येत नसेल, तर ते भांडं ताटात घेऊ नका. जेवणासाठी हाताने घडवलेलंच हवं असेल तर उंच आचेवर भाजलेलं स्टोनवेअर घ्या, आतून एकसंध, भेगा नसलेल्या झिलईचं, आणि ते जेवणासाठी तपासलंय का ते विचारून. कार्यशाळेतल्या त्या मुलीकडेही तसे वाडगे होते, करड्या रंगाचे, टिचकी मारली की टणकन वाजणारे. त्यातला एक मी ९०० रुपयांना आणला. महिनाभर त्यात रोज ताक पितेय. वजन एका ग्रॅमनेही हललेलं नाही, वास धरलेला नाही.

राकूच्या वाट्यांना घरात काम मिळालं आहे. एकीत सालीसकट भुईमुगाच्या शेंगा आणि कधी संत्री, म्हणजे खायचा भाग वाटीला लागतच नाही. गडूच्या आत उंच स्टीलचा पेला बसवलाय, त्यात पाणी आणि निशिगंधाच्या चार काड्या. डाग पडलेली बाजू भिंतीकडे. संध्याकाळी दिवा लागला की उरलेल्या बाजूवरचा निळा असा काही उजळतो की आमच्या ह्यांनीही टीव्हीवरून नजर काढून म्हटलं, "हे बरं घेतलंस."

आणखी एक वाटी, माझ्या हातची, कार्यशाळेतली, देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. काल ती उलटी करून बुडावर काळ्या मार्करने लिहिलं, "शोभेची. अन्न वाढू नये." कधीतरी मी घरात नसताना कुणीतरी ती दह्याला घेईल, म्हणून. मार्कर टेकवताक्षणी शाई मातीने ओढून घेतली आणि प्रत्येक अक्षराच्या कडा थोड्या पसरल्या.